हिराकस

बाजारातून दोन गरम नान आणि पिशवीभर कुर्त, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे खारट गोळे, घेऊन सागिन्दिक घरी आला, तेव्हा स्वयंपाकघरातला फ्रीज सताड उघडा होता आणि सून बिबीनूर त्याच्यासमोर स्टुलावर बसून आतले कप्पे सोड्याच्या पाण्यानं पुसत होती. तिला पाचवा महिना होता आणि हल्ली तिला सगळ्याचाच वास येई, मटणाचा, साबणाचा, जिन्यातल्या नव्या रंगाचासुद्धा. घोड्याच्या मांसाची पुरचुंडी, लोण्याचा डबा, टोमॅटोची बरणी, सगळं टेबलावर मांडलेलं होतं. त्यानं नान त्याच्याच कडेला ठेवले आणि सवयीनं फ्रीजच्या दाराकडे पाहिलं, खालच्या फळीत, अगदी कोपऱ्यात. तिथं काही नव्हतं. मग त्यानं सिंककडे पाहिलं. शेजारी फडक्यावर मेयोनेजची ती जुनी बसकी काचेची बरणी पालथी घातली होती, घासून लख्ख, आणि सिंकच्या पांढऱ्या चिनीमातीवरून एक तांबूस ओघळ थेट भोकापर्यंत गेला होता. बिबीनूर म्हणाली, "गंजाचं पाणी होतं अता, कधीचं कोण जाणे. ओघळ काही निघत नाही, लिंबू लावून बघते." लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती त्याला अता म्हणे, नातवंड व्हायच्या आधीच आजोबा. तिच्या कपाळावर घाम होता, बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. तो म्हणाला, "राहू दे. बरं केलंस." मग दाराशी काढलेले बूट पुन्हा पायांत घालत, नान आणायचे राहिले असं काहीसं पुटपुटत तो बाहेर पडला. नान टेबलावर वाफाळत होते.

शिमकेंतच्या रस्त्यांवर त्या दिवसांत चिनारांची पानं गळत असतात आणि कडेच्या पाटांतून वाहत जाऊन जाळीपाशी अडतात. आयुष्यभर पाणी कुठून कुठं जातं हे सांगण्याचा पगार घेतलेला माणूस तो. चालता चालता त्याचं मन सिंकच्या भोकातून खाली उतरलं, चौथ्या मजल्यावरून तिसऱ्या, दुसऱ्या, तळघरातल्या बिडाच्या नळात, तिथून गल्लीखालच्या मोठ्या नळात, जिथं सगळ्या इमारतीचं साबणाचं पाणी एकत्र येतं. बरणीतले इतकं लांब गेले नसणार, त्याला वाटलं. ते आम्लात जगणारे जीव. सोड्याच्या पाण्यात सिंकमध्येच संपले असतील. बरणीत तसं पाहिलं तर काहीच दिसायचं नाही. नुसतं पाणी. बायको, कुलान्दा, गेल्यापासून दर महिन्याला, घरात कुणी नसताना, तो ती बाहेर काढायचा. वरचं निम्मं पाणी ओतायचं, ताजं घालायचं, त्यात अर्धा चमचा हिराकस आणि गंधकाच्या तेजाबाचे दोन थेंब. पाणी कोवळ्या काकडीसारखं हिरवट व्हायचं. मग बरणी खिडकीत, पडद्यामागे. दोन दिवस काही नाही. मग कडेनं पिवळसर, मग फिक्क्या चहासारखं, मग एका सकाळी उठून पाहावं तर वीटकरी. हिरव्याचं तांबडं झालं की समजायचं, जिवंत आहेत, जेवले. मग पुन्हा फ्रीजमध्ये. एवढंच होतं ते. मुलगा दास्तान कास्पियनच्या काठी तेलाच्या कामावर असतो, पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इकडे. त्याला माहीत होतं की दारातली बरणी आईची आहे, हात लावायचा नाही. बायकोला सांगायचं त्याच्या डोक्यात आलं नसेल. आणि सागिन्दिकनं तरी कुठं सांगितलं होतं? सून घरात आली ती कुलान्दा गेल्यावर. दोघींनी एकमेकींना पाहिलंच नाही. पण सुनेला काय सांगायचं, की मी म्हातारा पडद्याआड एका बरणीला खाऊ घालतो?

बागेतल्या बाकावर तो बसला. समोर दोन म्हातारे डाव मांडून बसले होते. त्यांच्यातल्या एकानं हात केला, त्यानंही केला, पण तो उठला नाही. हातांना काहीतरी करायला हवं होतं आणि करायला काही नव्हतं. त्याला तिचा हात दिसला. चेहरा आठवायला हल्ली फोटो लागायचा, पण हात आपोआप यायचा, आखूड बोटांचा, नखं कापलेला, आणि तळव्यावर तो बुळबुळीत गोळा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कारातौच्या डोंगरांपलीकडे, वाळूच्या काठावर त्यांची खाण होती. पण तिथं खड्डा नव्हता, बोगदा नव्हता. ओसाड माळावर नुसते बोअर, रांगांनी. कडेच्या बोअरमधून आम्लाचं पाणी खोल वाळूत सोडायचं, ते वाळूतलं युरेनियम विरघळवत सरकत जायचं आणि मधल्या बोअरमधून वर ओढायचं. माळावर उभं राहिलं तर फक्त पंपांची घरघर. सगळं घडायचं ते पायाखाली, न दिसता. आणि एका वर्षी बोअर तुंबू लागले. पाणी आत जाईना. सागिन्दिक तेव्हा तरुण, तापट. जिप्सम धरलंय म्हणून त्यानं धुऊन काढले, वाळू बसलीय म्हणून हवेनं उडवले. आठवड्यात पुन्हा तेच. मग अल्माटीहून लाकडी पेटी घेऊन एक मुलगी आली. डोक्याला रुमाल, पायांत कुणाचे तरी मोठे गमबूट. तिनं बोअरची जाळी वर काढायला लावली. जाळीवर बोटभर जाडीचा राखाडी बुळबुळीत थर होता. त्यानं चाकूनं तो खरवडला आणि फेकायला हात मागे नेला. तिनं आपला तळवा पुढे धरला.

"हा कचरा नाही," ती म्हणाली. "तुमच्या बोअरमध्ये वस्ती झालीय."

"मग भाडं द्यायला सांग त्यांना."

"यांच्या भावकीतले काही देतात. तुम्हाला वसूल करता येत नाही."

आजूबाजूची माणसं हसली, तोही हसला, आणि नंतर रात्रभर त्याला कळेना की आपण हरलो ते आपल्याला आवडलं कसं. पुढे तिनं त्याला दाखवलं. याच वाळूत दुसरे जीव आहेत, ते बुळबुळ करत नाहीत. ते लोखंडावर जगतात, हिराकसाचं हिरवं लोखंड तांबडं करतात. आणि तांबडं लोखंड पाण्यात असलं की युरेनियम लवकर सुटतं, आम्ल कमी लागतं. म्हणजे एक जात वाट बुजवणारी आणि एक जात तुमच्यासाठी फुकट राबणारी. पहिलीला आवरायचं, दुसरीला जपायचं. ती जपत राहिली. लग्नानंतर वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात ती प्रयोगशाळेतून यायची तेव्हा तिच्या केसांना आंबट, धातूचा वास असायचा, नाणं तोंडात धरल्यासारखा. तो वास त्याला माळावरच्या झुसानच्या वासाइतकाच हवासा झाला होता. झुसान म्हणजे दवण्याच्या जातीचं रानटी झुडूप, पाऊल पडलं की दरवळतं. रात्री तिच्या मानेशी नाक नेलं की दोन्ही वास एकदम यायचे.

मग ती वाईट वर्षं आली. देश बदलला, पगार थांबले, प्रयोगशाळा गरम ठेवणारी वाफ बंद झाली आणि हिवाळ्यात काचेची नळकांडी भिंतीवरच तडकली. वस्ती रिकामी होऊ लागली. ती दोघंही निघाली. बसमध्ये खिडक्यांच्या आतून बर्फ धरलेला, कारातौच्या घाटात बस थांबली, ड्रायव्हर खाली उतरून पेटत्या पलित्यानं इंजिन शेकत बसला. दास्तान तेव्हा तान्हा, बापाच्या मांडीवर किंचाळत होता. आणि कुलान्दानं कोटाच्या आत, स्वेटरच्याही आत, पोटाशी ती मेयोनेजची बरणी धरलेली. त्याला राग आला होता, खरा राग. मूल माझ्याकडे आणि बरणी तुझ्याकडे, असं तो म्हणाला. ती शांतपणे म्हणाली, "मूल रडून सांगतं. हे काही सांगत नाहीत." बसमधल्या बाया तिच्याकडे पाहत होत्या. नंतर शिमकेंतला या घरात, तिनं शाळेत रसायन शिकवलं तेव्हा, त्यानं लोकांच्या अंगणात पाण्याचे बोअर खणले तेव्हा, बरणी फ्रीजच्या दारात होती. आणि पुढे खाण पुन्हा सुरू झाली, दोघांना बोलावणं आलं, तेव्हा त्याच बरणीतून बादली, बादलीतून पिंप, पिंपातून माळावर खणलेलं तळं, असं करत तिनं सबंध तळं वीटकरी केलं. त्या तळ्याचं पाणी एका छोट्या ब्लॉकच्या बोअरमध्ये सोडलं गेलं. ठीक चाललं. थोर काही झालं नाही, पण ठीक चाललं. वाळूतलं संपलं तसा तो ब्लॉक बंद झाला. ती निवृत्त झाली, दोन उन्हाळे अंगणात टोमॅटो लावले, आणि एका मार्चमध्ये, नौरीजच्या सणाचं सामान आणायला गेलेली बाजारातच खाली बसली ती उठली नाही.

ब्लॉक. बाकावर बसल्या बसल्या त्याच्या मनात तो शब्द आला. तिचे जीव तिथं खाली होते. एका बरणीतले गेले, पण तिथं तळंभर ओतले होते.

त्यानं तिथूनच अनारला फोन लावला. अनार कुलान्दाची विद्यार्थिनी, आता खाणीवरच्या प्रयोगशाळेची प्रमुख. ती त्याला आगाय म्हणे, म्हणजे थोरला भाऊ, आणि कुलान्दाला अजूनही आपाय, थोरली बहीण. त्यानं तिला बरणीचं सांगितलं. त्या जीवांची अल्माटीच्या संग्रहात ठेवलेली प्रत आहे का, असं त्यानं विचारलं. ती तर आपायच्या हयातीतच मेली, अनार म्हणाली, म्हणून तर त्या घरची बरणी सोडत नव्हत्या. बंद ब्लॉकच्या बोअरमधून ती दर मोसमाला पाणी काढून पाहते, या आठवड्यात तो ब्लॉक आहेच, आगायनी यावं. घरी जाऊन त्यानं सुनेला सांगितलं की जुन्या कामावर बोलावलंय, दोन दिवसांत येतो. तिनं कुर्त आणि उकडलेली अंडी बांधून दिली. सिंक स्वच्छ होतं. ओघळ निघाला होता.

पाळीच्या बसनं तो गेला. कारातौ ओलांडल्यावर बस थांबली, माणसं पाय मोकळे करायला उतरली आणि झुसानचा वास आला. त्यानं एक डहाळी तोडली, चुरगाळली, आणि दुसऱ्या वासाची वाट पाहत नकळत उभा राहिला. बस हॉर्न देत होती.

ब्लॉकवर आता काही नव्हतं. नळ उखडून नेलेले, बोअरच्या निळ्या टोप्या वाळूतून वर आलेल्या, मध्ये काटेरी झुडपं. लांबवर कुणाचे तरी उंट. अनारनं छोटा पंप सोडला. जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई ती. काम करताना ती गुणगुणायची. मधल्या बोअरमधून स्वच्छ पाणी आलं, तिनं कागदाची पट्टी बुडवून पाहिली, मान हलवली. आम्ल जवळजवळ गेलंय, ती म्हणाली. मग कडेचा बोअर, ज्यात कुलान्दानं स्वतः उभं राहून तळ्याचं पहिलं पाणी सोडलं होतं. पंप बराच वेळ कुरकुरला. आधी नितळ पाणी आलं, मग धुरकट, आणि मग काळं, काजळ कालवल्यासारखं काळं, आणि त्याबरोबर नासक्या अंड्यांचा असा भपका की अनारनंही तोंड फिरवलं. तिनं बाटली उजेडात धरली. तळाशी काळी पूड बसत होती.

"आलेत," ती हळूच म्हणाली. "वाळूतले मूळचे जीव. आम्ल जिरलं की हे परत येतात, आगाय. हे आले म्हणजे पाणी सुधारायला लागलं. उरलंसुरलं युरेनियमही हे धरून ठेवतात, वाहू देत नाहीत. इतक्या लवकर मला वाटलं नव्हतं."

"आणि तिचे?"

अनारनं बाटलीचं बूच लावलं. "त्यांना हवा लागते, आम्ल लागतं. इथं आता दोन्ही नाही."

तो वाळूवर बसला. खाणीतली त्याची शेवटची वर्षं याच एका प्रश्नावर गेली होती: आपण निघून गेल्यावर हे पाणी पुन्हा पहिल्यासारखं कधी होईल. त्याचे नकाशे, त्याचे हिशेब, सगळे या बोअरभोवती होते. आणि त्यावरून घरी भांडण चालायचं, हसत हसत, रात्रीच्या चहावर. कुलान्दा म्हणायची, तुला माझे जीव मेलेले हवेत. तो म्हणायचा, मला पाणी हवंय. ती म्हणायची, मग बघ, ज्या दिवशी माझ्या बोअरमधून काळं, घाण वासाचं पाणी येईल ना, त्या दिवशी तू जिंकलास. तो म्हणायचा, त्या दिवशी मी सगळ्या वस्तीवर चॉकलेटं उधळीन, लग्नात उधळतात तशी. ती म्हणायची, उधळ, मी वेचायला येईन. आता तो दिवस आला होता. जिंकलेला माणूस वाळूवर बसला होता, त्याच्या बुटांवर काळे शिंतोडे उडाले होते. आनंद झाला होता, हेच त्याला सोसवेना. खोटं नाही, पाणी काळं आलं तेव्हा पहिल्या क्षणी त्याच्यातला जुना इंजिनियर खरोखर सुखावला होता, आणि त्या सुखात त्यानं सवयीनं डावीकडे मान वळवली होती, तिला सांगायला.

अनारनं त्याला चालू ब्लॉकवर नेलं. तिथं मोठं तळं होतं, अगदी तसंच, वीटकरी, वाऱ्यानं हलकेच हलणारं. कडेला आंबट, धातूचा वास होता. तो थबकला. अनार म्हणाली, यातलं भरून न्या आगाय, हवं तेवढं. त्यानं विचारलं की हे तिचे आहेत का. कुणी मुद्दाम सोडलेले नाहीत, अनार म्हणाली. आम्ल, लोखंड आणि हवा एकत्र आली की हे आपसूक येतात. जुन्या तळ्यातून वाऱ्यानं आले असतील, कुणाच्या बुटाला लागून आले असतील, नाहीतर वाळूतूनच.

"तपासता येतं ना हल्ली?"

"येतं. पण जुळवायचं कशाशी? आपायचं काहीच उरलं नाही."

तिला बोलून गेल्यावर कळलं आणि तिनं त्याच्या दंडाला हात लावला. तो तळ्याकडे पाहत राहिला. खाली वाकून त्यानं बोट बुडवलं, नाकाशी नेलं. तोच वास. पण मान नव्हती, केस नव्हते, उन्हानं रापलेल्या कातडीची ऊब नव्हती. नुसता वास तळ्यावर पसरलेला, कुणाचाच नसलेला. अनारनं बाटली पुढे केली. त्यानं घेतली नाही. फक्त हात खिशात घातले. इतकी वर्षं आपण काहीतरी जिवंत ठेवतोय असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात कुलान्दानं त्याच्यासाठी एक काम मागे ठेवलं होतं, आणि ते काम करताना ती शेजारच्या खोलीत आहे असं वाटायचं, इतकंच. नव्या पाण्यानं ते वाटलं नसतं. तिथं, तळ्याच्या काठी, त्याला ती हवी झाली. तिचे जीव नव्हे, तिची बरणी नव्हे. तीच. गमबूट घातलेली, चिडवणारी, चुकीच्या वेळी बरोबर बोलणारी. अनार शेजारी येऊन उभी राहिली. तिचं गुणगुणणं थांबलं होतं.

परतीच्या बसमध्ये त्याच्या हातांना आणि बुटांना तो नासका वास होताच. घाटाच्या अलीकडे पुढच्या बाकावरचा एकजण मागे वळून म्हणाला की मंडळी, ज्यानं मोजे काढलेत त्यानं देवासाठी घालावेत. सगळ्यांनी एकमेकांवर ढकललं, खिडक्या उघडल्या, थंडगार वारा आत आला. सागिन्दिक म्हणाला, "माझे हात आहेत. बोअरचा वास आहे." तेव्हा तो माणूस ओशाळला, आणि बरोबरच्या पिशवीतलं सफरचंद त्याला देऊन, वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं म्हणाला, "खा अक्साकाल, आमचेही हात तसलेच असतात." त्यानं ते सोलून, वास येणाऱ्या हातांनीच, सावकाश खाल्लं. खिडकीबाहेर अंधारत चाललेला माळ मागे सरत होता, आणि त्याखाली खोल, त्याला ठाऊक होतं, पाणी वर्षाला काही पावलं पुढे सरकत होतं, घाई न करता.

घरी पोचला तेव्हा बिबीनूरनं दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. दास्तानचा फोन आला होता. बोलता बोलता तिनं फ्रीज साफ केल्याचं सांगितलं होतं. मग त्यानं ती बरणी कुणाची ते सांगितलं होतं. दोन दिवस तिला अन्न गेलं नव्हतं. शेजारणीला विचारून तिनं बाजारात हिराकस मिळतं का तेही पाहिलं होतं. झाडांना घालायचं म्हणून एक पुडी घेऊन आली होती. ती पुडी ओंजळीत धरून ती तशीच दारात उभी राहिली, आणि म्हणाली की आईंची एवढी एकच वस्तू होती आणि ती मी ओतली.

"एवढी एकच कशी," तो म्हणाला. "मी आहे की. तिनंच वापरून जुना केलेला."

ती हसली नाही. पोटामुळे तिला नीट वाकता येत नव्हतं तरी त्याचे बूट उचलायला वाकली; त्यानं तिला थांबवलं, बूट स्वतःच गॅलरीत नेऊन ठेवले, हात साबणानं दोनदा धुतले. तो आला तेव्हा ती जमिनीवरच्या बुटक्या टेबलापाशी बसून चहा ओतत होती, चांगल्या घरची सून ओतते तसा, वाडग्याच्या तळाशी जरासाच, म्हणजे पाहुण्याला पुन्हा पुन्हा मागता यावा आणि सुनेला पुन्हा पुन्हा देता यावा. त्यानं वाडगं घेतलं. रेडिओ बंद होता. खाली अंगणात कुणीतरी गालिचा झोडपत होतं. बिबीनूरनं दुधाचं भांडं सरकवलं, मग पुन्हा जागच्या जागी आणलं, आणि खाली मान घालून म्हणाली, "अता, त्या कशा होत्या? दास्तानला विचारलं की तो म्हणतो, छान होती. छान म्हणजे काय ते मला कळत नाही."

त्याच्या मनात खूप काही एकदम आलं, गमबूट आले, बस आली, बाजारात खाली पडलेल्या नौरीजच्या पिशव्या आल्या. सुनेनं मान वर केली नव्हती. ती थांबली होती, आणि थांबायला तयार होती. मग त्याला भलतंच आठवलं. त्यानं वाडगं खाली ठेवलं.

"तिला चहा ओतता यायचा नाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी माझ्या आईचं वाडगं काठोकाठ भरलंन."

बिबीनूरनं झटकन वर पाहिलं. सासूला, पहिल्याच दिवशी, काठोकाठ, म्हणजे प्या आणि निघा. तिचा हात तोंडाशी गेला.

"मग?"

"आईनं ते सगळं प्यायलं," तो म्हणाला, "आणि वाडगं पुढे करून म्हणाली, अजून घाल."